मावशी, मी लिवलं व्हतं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, दस्तगीर. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सांगताना ते घाबरायचे नाहीत. संतापायचे.

१९४२ सालचा श्रावण. लोणावळ्यातल्या एका शाळेचा हॉल. भर दुपार.

शोकसभा होती... इनायतची.

इनायत लोणावळ्याजवळच्या कुसगावचा. नानांच्याच वर्तमानपत्राचा युद्धवार्ताहर. ब्रह्मदेशातून फौज मागे हटत होती, तेव्हा हा सैनिकांबरोबर पायी चालत होता. तिथूनच बातम्या धाडायचा. त्या थेट संपादकांच्या हातात पडायच्या. परतीच्या वाटेवर तापानं गेला बिचारा.

सभेला नाना आले होते, आणि त्यांचे सहकारी महिपती. इनायत दोघांचाही जिवलग.

"खोटं एक अक्षर लिहिलं नाही पठ्ठ्यानं," महिपती म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले.

मग संपादक उठले.

"इनायतचा शब्द न् शब्द आम्ही जसाच्या तसा छापला!"

टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. सरुबाई. कुसगावचीच. तिचा मुलगा गेणू त्याच फौजेत होता.

"भाऊ, तुमच्या पेपरात पोरं सुखरूप हायेत म्हनून छापलंय. मास्तरांनी वाचून दावलं. मी रोज टेसनावर जाऊन बसते. मंग माझा गेणू कुटं हाय?"

संपादक हसले. "बाई, इनायतनंच लिहिलंय ना? धीर धरा."

त्यांनी छापील अंक वर धरला. मोठ्यानं वाचू लागले.

"मावळची सगळी पोरं..."

आणि अडकले.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता... तो वाजायचा थांबला.

खिडकीतून पडताना दिसत होता. आवाज मात्र नव्हता.

मग कुणीतरी खाकरलं... दोनदा.

नानांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बातमी सांगण्याआधी असं खाकरायची सवय इनायतची!

संपादकांचे ओठ हलले.

आवाज त्यांचा नव्हता...

"मावशी... गेणू न्हाई आता."

संपादक पक्के शहरी. ही बोली त्यांना कधीच जमली नसती.

"पायात गोळी घुसलीती त्याच्या. ट्रकात जागा व्हती, मावशी. तितं सायबाच्या खुर्च्या भरल्या. गेणूला नदीकाठी टाकून गेले. मी लिवलं व्हतं... समदं लिवलं व्हतं!"

संपादकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

आवाज येतच राहिला.

"लिवलं व्हतं!"

सरुबाई रडली नाही. गर्दीतून वाट काढत पुढं आली. संपादकांच्या दाबलेल्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं,

"इनायत, लेकरा... तू तितं व्हतास न्हवं? मरताना त्यानं मला हाक मारली का रं?"



पुन्हा खाकरल्याचा आवाज आला... एकदाच.

पुढं काहीच नाही.

आणि पत्र्यावर धाडकन पाऊस वाजू लागला.

संपादक खुर्चीत कोसळले. महिपतींनी त्यांची गचांडी धरली.

"त्यानं हे लिहिलं होतं? बोला!"

"सरकारनं आपल्या पेपरचा कागदाचा कोटा बंद केला असता," संपादक पुटपुटले. आता आवाज त्यांचाच होता.

"म्हणून त्या माउलीला रोज स्टेशनवर बसवलंत?" नाना ओरडले. "आणि वर त्याचं नाव लावलंत?"

पुढच्याच अंकात दोन ओळी छापून आल्या. लोणावळ्यात शोकसभा शांतपणे पार पडली.

शांतपणे!

नाना आणि महिपतींनी त्याच दिवशी नोकरी सोडली. सभेतल्या इतरांनी मात्र आपण काहीच ऐकलं नाही असं सांगितलं. अगदी पुढच्या रांगेतल्यांनीसुद्धा.

नाना गेले, त्यालाही वर्षं लोटली. पण मला ते खाकरणं सोडत नाही.

सगळं सांगायला परत आलेला माणूस... सरुबाईच्या त्या एका प्रश्नावर गप्प का झाला?