पाठी, गरम

वैशाखात लालबागच्या मसाला गल्लीतून न शिंकता कुणी बाहेर पडत नाही, मग तो गाडीवाला असो नाहीतर पिशवीवाला. मेघना मात्र शिंकली नाही. मसाला कुटायच्या डंकातून नुकताच निघालेला वर्षाचा मसाला पत्र्याच्या डब्यात भरून, डबा पोटाशी धरून ती निघाली. ताजा कुटलेला मसाला गरमच असतो. पत्रा हाताला चटके देत होता आणि समोर बायकांची ही भिंत. तिच्या तोंडून सवयीनं निघालं —

"पाठी, गरम."

बायका वळून बघायला लागल्या. कोण ही, कुणाच्या पाठी लागलीय? पण पुढे धणे निवडत उभा असलेला एक उंच मुलगा होता, त्यानं मान वळवली नाही. दोन्ही कोपरं अंगाशी घेतली, पोट आत ओढलं आणि दुकानाच्या फळीला चिकटून उभा राहिला.

मेघना थबकलीच. असं अंग चोरणारा माणूस रस्त्यावर घडत नाही. तो हॉटेलच्या किचनमध्ये घडतो. तिथे उकळतं पातेलं घेऊन मागून जाणारा आधी ओरडतो, आणि पुढचा न बघता कोपरं आवरतो.

"कुठलं किचन?" तिनं विचारलं.

"आधी पुढे हो. गरम आहे ना?" तो म्हणाला, वळला, हसायला गेला... आणि सटासट शिंकला.

"हसताना शिंकणारा पहिल्यांदाच बघितला."

"आणि मी या गल्लीत न शिंकणारी. नाक घरी ठेवून आलीस का?"

डबा त्यानं न विचारता हातात घेतला. तेव्हा तिला त्याच्या मनगटावरचा आडवा डाग दिसला, ओव्हनच्या जाळीचा. तिच्याही मनगटावर होता, त्याच जागी. दोघांनी एकमेकांचे डाग बघितले आणि दोघांनीही दुसरीकडे नजर वळवली... उगाच.

त्याचं नाव अभय परब. मोठ्या हॉटेलातली नोकरी गेल्या वर्षी सोडून गिरगावात आई कमलाबाईंची खानावळ चालवत होता. चार वाजता शटर खाली, रविवारी बंद.

"सोडली? का?" मेघनानं असं विचारलं की जणू त्यानं युद्धातून पळ काढलाय.

तिचा तोरा तसाच होता, आणि का नसावा? लोअर परळच्या ज्या गिरणीत तिच्या आजोबांनी साचे चालवले, त्याच आवारातल्या हॉटेलात ती सू-शेफ, म्हणजे दोन नंबरची शेफ, होती. पुढच्या महिन्यात अख्खं किचन तिच्या हाताखाली येणार होतं. आजी गंगुबाईंनी डिलाईल रोडवर गिरणीवाल्यांची खानावळ चालवून घर वर काढलेलं. तिनं चाळीत खालपासून वरपर्यंत सांगून ठेवलं होतं, "माझी नात चीफ होणार." शेफ हा शब्द तिला ठाऊक नव्हता असं नाही. चीफ तिला जास्त मोठं वाटायचं.

कोपऱ्यावरच्या गाडीवर अभयनं दोन वडे घेतले. दोन स्टुलं रिकामी होती. तो बसला. ती उभ्या-उभ्या तीन घासांत वडा संपवून हात झटकून मोकळी.

"बस की."

"सवय नाही."

"आज सुट्टी ना?"

"सुट्टी कसली. चारला रात्रीच्या सर्व्हिसची तयारी."

"शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

मेघना आठवायला लागली. आठवेना. वडा कसा होता तेही आठवेना, आत्ताच खाल्लेला.

अभयनं हातातला वडा खाली ठेवला. "लागलंय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तुला. खाली लागलंय. वरून ग्रेव्ही छान दिसतेय, तळाला धरलंय."

"मी काय पातेलं आहे?" तिनं डबा हिसकावून घेतला. "स्वतःला झेपलं नाही म्हणून दुसऱ्याचं नाक कापायला निघालायस."

गेली तरातरा. पण फोन नंबर देऊन गेली, हे लक्षात ठेवा. रागावलेल्या मुली नंबर देत नाहीत... मनातून रागावलेल्या तरी नाहीत.

मग दुपारी तीनच्या सुमारास, खानावळ तासभर आईवर सोपवून, हॉटेलच्या मागच्या फाटकावर अभय दिसायला लागला. हातात स्टीलचा डबा. कधी कुळथाची पिठी-भात, कधी तिसऱ्यांची आमटी.

"एवढ्या मोठ्या शेफला खानावळीचं जेवण?" ती म्हणायची.

"मोठ्या शेफला कोणी जेवायला विचारत नाही, म्हणून आणलं."

ती उभ्यानंच जेवायची. तो फाटकाजवळच्या कट्ट्यावर स्वतःच्या शेजारची जागा रुमालानं पुसून ठेवायचा. रोज पुसायचा, रोज ती जागा रिकामी राहायची. रिकामा डबा परत देताना मेघना त्या रुमालाकडे बघायची.

पण डबल शिफ्ट काही कमी होईना. ऑर्डरचं मशीन झोपेत किरकिरायचं आणि ती दचकून उठायची. एकदा आजीनं चहा दिला तर म्हणाली, "हो सर." गंगुबाई कप घेऊन तशीच उभी राहिली.

आणि मग तो शनिवार आला. मखनीचं मोठं पातेलं तिच्या नाकाखाली लागलं. जिला दाराबाहेरून फोडणी करपलेली कळायची, तिला नाकाखालचं कळलं नाही. वर तिनं चूक केली ती अशी, की भांडं उतरवायचं सोडून मलई ओतली आणि ढवळलं. लागलेलं कधी ढवळतात? तळाचा सगळा करपा वर आला. तीन टेबलांवरून प्लेटा परत आल्या. कोल्ड रूमचं दार लावून, बर्फासारख्या टोमॅटोच्या क्रेटला टेकून ती रडली. आवाज येऊ न देता, कारण बाहेर तिच्या हाताखालची माणसं होती.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळीच ती गिरगावात. शटर अर्धं उघडं, आत अभय एकटा भांडी लावत होता. तिचं तोंड बघून त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. स्टूल पुढे सरकवलं.

"मी नोकरी सोडणार नाही," ती उभीच राहून म्हणाली. "तू पळालास तशी."

"मी पळालो नव्हतो." तो शांत होता. "एकदा ड्युटी संपवून हॉटेलच्या पायरीवर बसलो, आणि उठायचं कशासाठी तेच सुचेना. तेव्हा उतरलो. चुलीवरून भांडं उतरवतात तसा."

"मला उतरायचं नाहीये अभय. आजीनं चाळभर सांगितलंय. मला ते किचन हवंय." तिचा आवाज फुटला. "पण असं... असं नाही."

"मग आच बारीक कर."

"आच मालकाच्या हातात आहे."

"आणि पातेलं कुणाच्या?"

ती शटरखालून वाकून बाहेर पडली.

घरी गंगुबाई वाटच बघत होती. मेघनानं आज पहिल्यांदा सगळं सांगितलं, रडणंसुद्धा. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"गिरणीचा भोंगा माहीत आहे ना तुला? अख्खा डिलाईल रोड त्याच्या तालावर उठायचा-बसायचा. तोसुद्धा आठवड्यातून एक दिवस गप्प असायचा. लोखंडाचा होता, तरी. तू कोण लागून गेलीस त्याच्यापेक्षा?"

सोमवारी दुपारी मेघना मालकासमोर उभी राहिली. विकास सर माणूस वाईट नव्हता. स्वतःही झोपत नव्हता, म्हणून दुसऱ्यांनी झोपावं हे त्याला सुचत नव्हतं.

"हेडशेफ व्हायला तयार आहे, सर. पण आठवड्याला एक दिवस किचनला सुट्टी. मला एकटीला नाही, भांडीवाल्या सीतारामपासून सगळ्यांना."

"मेघना, या धंद्यात हेडशेफला सुट्टी नसते."

बारच्या वर, दिव्यांच्या झोतात, गिरणीचा जुना भोंगा शोभेला टांगलेला होता. पाहुणे त्याच्याखाली फोटो काढायचे. तिनं बोट दाखवलं.

"तो सजावटीला लावलाय ना तुम्ही? तो खरा वाजायचा तेव्हाही आठवड्याला एक दिवस गप्प राहायचा. तो वाजला की माझे आजोबा घरी जेवायला यायचे. बसून जेवायचे." एप्रनची गाठ तिनं घट्ट केली. "आजची सर्व्हिस मी उभी करते. उद्या माझी सुट्टी. परवा सांगा, शेफ हवी की नुसता भोंगा."

आणि त्या दिवशी तिनं अशी सर्व्हिस काढली की एक प्लेट परत आली नाही.

मंगळवारी सकाळी अभय चाळीत आला. हातात ताजे बोंबील.

"जय भीम, आजी."

"जय भीम. हा का रुमालवाला?" गंगुबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. "बोंबील साफ करून आणलेत की माझ्याकडून करून घेणार?"

"साफ करूनच. तुमच्यासमोर नापास व्हायचं नाही मला."

"जीभ आहे. ठीक आहे. आत जा, मसाला वरच्या फळीवर."

मेघना ओट्याशी कांदा चिरत होती. फोन ओट्यावरच होता. मघाशीच विकास सरांचा निरोप आला होता: दर सोमवारी किचन बंद, मंजूर, शेफ. तिनं तो आजीला वाचून दाखवला होता, आणि आजी शेजारीण गाठायला एकदा बाहेर जाऊनही आली होती. फळीवरचा डबा मेघनानं उघडला, चिमूटभर मसाला नाकाशी नेला... आणि शिंकली. एकदा, दोनदा, हसत-हसत तिसऱ्यांदा.

स्वयंपाकघर एवढं अरुंद की दोघं मावेनात. तो तिच्या मागून सरकला.

"पाठी."

तिनं न बघता कोपरं आवरली. "गरम?"

"नाही." तो पुढे गेला नाही. "नुसताच... पाठी. कायमचा, तुझी हरकत नसेल तर."

सुरी थांबली. तिनं आवरलेली कोपरं सावकाश सैल सोडली, आणि त्यातलं एक त्याच्या हाताला टेकलं. तिथेच राहिलं.

"मग सरकू नकोस," ती म्हणाली.

आतला आवाज बंद झालेला गंगुबाईच्या लगेच ध्यानात आला.

"काय गं, खाली लागलं की काय?"

"नाही आजी," मेघनानं ओट्याखालचा पाट पायानं ओढला आणि त्याच्यावर ऐसपैस बसली. "बारीक आचेवर आहे."