मी आले, तू जा

इंटर्नशिपला पोलादपूरला टाकलं तेव्हा मी जाम वैतागले होते. मी महाडची. वाटलं होतं, वर्षभरात नीट टाके घालायला शिकू, चार बाळंतपणं करू. कसलं काय! कोरोनाची दुसरी लाट आली, एका शाळेचे वर्ग रिकामे करून खाटा मांडल्या आणि मी डॉक्टरकीच्या नावाखाली ऑक्सिजनच्या नळ्या सरळ करत बसले. मोठे डॉक्टर फोनवर भेटायचे, तेही लागला तर.

दुसरा इंटर्न हर्षद, उमरठचा. आमचे दोन नियम होते. पांढऱ्या पीपीई किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून एकमेकांच्या पाठीवर निळ्या मार्करने नाव लिहायचं. आणि ड्यूटी बदलताना येणाऱ्याने वॉर्डच्या दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, ‘मी आले, तू जा.’ ते ऐकल्याशिवाय आतल्याने वॉर्ड सोडायचा नाही. मग तहानेने जीव का जाईना.

एका दुपारी हर्षद ड्यूटीवरच कोसळला. आठवडाभर ताप लपवत होता, गाढव! ‘मी झोपलो तर तुला डबल पडेल,’ म्हणे. लोकांनी किट फाडून काढलं, त्याला अँब्युलन्समध्ये घातलं आणि थेट मुंबईला नेलं. मी पोचले तेव्हा गाडी निघूनही गेली होती. पायरीवर बसून पोटभर रडले आणि किट चढवलं.

त्यानंतर दुपारी डॉक्टरच नसायचा. मी सकाळी आणि संध्याकाळी, मधल्या वेळेत मंजुळा सिस्टर एकट्या.

“दुपारचा डॉक्टर लय बरा हाय गो,” एका संध्याकाळी बयाआजी म्हणाली. ती आंबेनळी घाटाखालच्या वाडीवरची. “पालथी निजवतो, पाठ थोपटतो. आत्या म्हणतो मला.”

“दुपारी इथे डॉक्टर नसतो, आजी.”

“नाय कसा? आपला उमरठचा पोरगा. पण दमलाय बिचारा. सारखा दाराकडं बघतो.”

ऑक्सिजन कमी झाला की माणसाला नाही नाही ते दिसतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तिच्या बोटाला मशीन लावलं. आकडा छान होता. तिच्या छातीखाली मधोमध मुडपलेली उशी होती. तशी उशी फक्त हर्षद मुडपायचा.

किट काढायच्या खोलीतलं पिंप सकाळी माझ्यासमोर रिकामं झालं होतं. आता त्यात एक किट होतं, आतून घामाने चिंब. मी ग्लोव्ह चिमटीत उचलला तर त्यातून घामाचं पाणी सांडलं. कोमट होतं. किटच्या पाठीवर निळं ‘हर्षद’ होतं आणि अक्षर माझं होतं.



तेवढ्यात हर्षदच्या भावाचा, दीपकदादाचा, मुंबईहून फोन आला. “दुपार झाली की ह्याचा ऑक्सिजन धाडकन खाली येतो. संध्याकाळी परत वर. इथले डॉक्टर पण बुचकळ्यात पडलेत. झोपेत एकच विचारतो, कुणी आलं का. अशा अजून किती दुपारी काढेल, सांगता येत नाय म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किट घातलं. पाठीवर नाव लिहायला कुणी नव्हतं. तशीच दारात जाऊन उभी राहिले.

खाटांच्या मधून कुणीतरी चालत येत होतं. बुटांवरच्या प्लास्टिकची सरसर माझ्यासमोर येऊन थांबली.

समोर कुणीच नव्हतं.

घाबरले, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त त्याची कीव आली.

“हर्षद, मी आले,” मी मोठ्याने म्हणाले. “तू जा.”

सरसर माझ्या शेजारून बाहेर गेली.

“सुटला गो,” बयाआजी म्हणाली.

रात्री दादाचा फोन. हर्षदने पेज मागितली होती.

पुढे लाट ओसरली आणि एका सकाळी सेंटर बंद झालं. पेशंट घरी गेले, खाटा ट्रकमध्ये चढल्या. मी दारात उगाचच रेंगाळले. ‘मी आले’ म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

आता महाडला माझा दवाखाना आहे. हर्षद पनवेलला असतो, चांगला गुबगुबीत झालाय. मी मात्र इतकी वर्षं दुपार झाली की मेल्यासारखी पडायचे. उठायचे तेव्हा बोटांची टोकं सुरकुतलेली आणि नाकावर मास्कचा वळ. रिपोर्ट सगळे नॉर्मल, वजन मात्र उतरत चाललेलं.

गेल्या सोमवारपासून ते थांबलं. दुपारी गाढ झोप, उठल्यावर कडकडून भूक. इतकं बरं वाटत होतं!

काल बयाआजी नातीला घेऊन आली. समीक्षा, पाचवीतली.

“सोमवारपासून दुपारची अशी मलूल पडते गो. शाळेत पांढरी बाई दिसली म्हणते. खाटा मांडलेल्या त्याच आपल्या शाळेत.”

“काय म्हणाली बाई?” मी विचारलं.

“वर्गाच्या दारात उभी होती. कुणी आलं का, कुणी आलं का, विचारत होती,” समीक्षा म्हणाली. “मला वाटलं नवीन टीचर हाय, हजेरी घेते. मी म्हटलं, मी आले.”

तिच्या बोटांची टोकं सुरकुतलेली होती. इवल्याशा नाकावर लाल वळ होता.

चारच शब्द होते. मला पाठ होते. मी दोनदा तोंड उघडलं.

मग तिला टॉनिक लिहून दिलं, आणि दुपारी घरी येऊन झोपले.