दुसरा चमचा

कुणाचा विश्वास बसणार नाही, निदान या लिएनच्या खानावळीत तर नाहीच. पण क्वीसारखा विनोदवीर साऱ्या ऑस्ट्रेलियात झाला नाही! कॅब्रामॅटाच्या क्लबात त्याने एकदा असे हसवले की टाकीतले मासेसुद्धा पोट धरून उलटे झाले... आणि त्या हशात एकटी थाम, त्याची थोरली बहीण, मान खाली घालून बसली होती.

लहानपणी व्हिएतनामातून निसटताना नदीच्या मुखाशी त्यांची होडी लव्हाळ्यात दडली होती. तान्ह्या भावाने रडू नये म्हणून आईने झोपेचे औषध चमचाभर पाजायला सांगितले, थामने पाजले. बाळ पुन्हा कुरकुरले, तेव्हा सहा वर्षांच्या क्वीने ताईसारखाच आणखी एक चमचा पाजला... आणि बाळ उठलेच नाही. आईने विचारले, तेव्हा थामने सांगितले, दोन्ही मीच दिले.

तेव्हापासून बाळाच्या श्राद्धाला स्वयंपाक तिचा, गोड दुधाची वाटीही तिनेच भरायची. पण उदबत्ती लावायला आईने तिला कधी जवळ येऊ दिले नाही. ओल्या हातांनी ती ओट्याशी उभी राही, आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्याचा धूर वाऱ्याने तिच्याकडे आणला तर तेवढाच तिच्या वाट्याचा! एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताने बाळाला उदबत्ती लावावी, एवढीच तिची आस. खरे सांगितले असते तर मिळाली असती. पण ज्या हसण्यावर पोरगा जगत होता, तेच त्याच्याकडून हिरावून घ्यायचे? त्यापेक्षा आपले काळीज जळलेले बरे...

त्या दिवशी क्लबात क्वीने नेहमीचे सुरू केले: आमच्या घरी ताई रांधते, आई फुगून बसते आणि टाळ्या मी खातो. लोक लोळले. मग तो एकाएकी थबकला. समोरच्या खुर्चीतल्या आईकडे बघत म्हणाला,

"आई, दुसरा चमचा माझा होता."

हशा आणखी वाढला. पुढे काहीतरी भन्नाट येणार, असेच सगळ्यांना वाटले. त्याने हात जोडले, हसू नका म्हणाला, रडला. तसतसे लोक मांड्यांवर थापा मारू लागले. जन्मभर ज्या हशासाठी तो झुरला, तो आता त्याचा जीव घेत होता!

आई मात्र उठली, थामपाशी आली.

"पोरी, बोलली का नाहीस?"

"तो सहा वर्षांचा होता, आई."

"आणि तू?"

"मी मोठी होते ना."

थाम तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढच्या श्राद्धाला आईने स्वतः उदबत्ती पेटवून लेकीच्या हाती दिली, आणि दोघी गळ्यात गळा घालून...

लिएनने सूपचा वाडगा माझ्यापुढे ठेवला.

"मामा, थाम त्या कार्यक्रमाच्या आधीच्या टेटला, नव्या वर्षाच्या सणालाच गेली. मयताला मी होते. आईनं उदबत्ती दिली नाही, लावली. तिच्या फोटोपुढं."