सुकाणूपाशी बसलेली

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यात जास्त बरं मलाच वाटेल.

पण ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. आयुष्यभर ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. जिथे भल्याभल्यांना घाम फुटतो तिथे तिचा हात कधी थरथरला नाही.

रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं.

आणि वारा होता...

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचं चष्म्याचं दुकान होतं. वय झालं तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि शिडाची एक छोटी बोट घेतली. मावशीने त्यावरून बराच काळ अबोला धरला होता. म्हातारपणी चळ लागतो तो असा, हे ती येईल त्याला ऐकवायची. पण काकांना एकटं कसं सोडायचं, म्हणून बरोबर मात्र जायची. बोटीवरही तिचं तोंड चालू, आणि काका आपले सुकाणू धरून गप्प.

त्या दिवशी ते समुद्रात गेलेच नव्हते. किनाऱ्याच्या आतून, समुद्राला समांतर असा पाण्याचा एक रस्ता जातो. एका बाजूला वाळूची लांब पट्टी, दुसरीकडे उंच गवत. मधून पाणी. बोटींनी कुठून जायचं ते कळावं म्हणून खांब रोवलेले. खांबांच्या बाहेर गेलं की बहुतेक जागी पाणी गुडघाभर.

वारा फार आहे, नको जाऊया, असं मावशी सकाळीच म्हणाली होती. इथे बुडायला पाणी तरी आहे का, असं म्हणून काका हसले होते.

दुपारी वारा आणखी वाढला. बोट एका अंगावर कलून पळायला लागली. काकांची गोळी घ्यायची वेळ झाली होती, म्हणून मावशी खाली केबिनमध्ये उतरली.

तेवढ्यात एक झोत आला. बोट अशी काही कलली की मावशी भांड्यांवर जाऊन आदळली.

आणि डोक्यावरची लाकडी झडप सरकून बंद झाली.

तिने ती ढकलली. हलेना.

खांदा लावला. हलेना.

मग ती मुठींनी ठोकायला लागली. पण वर शीड फडफडत होतं, दोर डोलकाठीवर आपटत होते. काकांना कुठलं ऐकू जाणार? येतील मिनिटभरात, असं तिने स्वतःला समजावलं.

तेव्हा तिला काकांचा आवाज आला.

"आलीस? बस इथे, वारा लागणार नाही."

मावशीला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार...

तर उत्तर आधीच आलं.

"अहो, किती छान वाटतंय इथे."

आवाज तिचाच होता.

'अहो' म्हणताना ती शेवटचा 'हो' जरा ओढते. तसाच ओढलेला. फक्त एक फरक होता. असं गोड ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

मावशी ओरडली. घसा फुटेल इतक्या जोरात ओरडली. मग काका म्हणाले, खाली काहीतरी आपटतंय वाटतं, जरा झडप उघडून बघ ना.

"नको. पाणी आत जाईल. भांडी असतील."

झडपेखालच्या फळीत एक छोटी काच होती. मिठाने अंधूक झालेली. मावशीने पदराच्या टोकाने पुसली आणि डोळा लावला. काकांचा गुडघा दिसला. सुकाणूवरचा हात दिसला. आणि त्यांच्या शेजारी, वाऱ्यावर, निळ्या स्कार्फचं टोक फडफडत होतं...

मावशीने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

स्कार्फ गळ्यातच होता.

पण डोकं चाललं तिचं. पर्समधून फोन काढून तिने काकांना लावला. वर रिंग वाजली. तिला स्पष्ट ऐकू आली.

"अगं, तुझाच फोन येतोय मला," काका म्हणाले.

"पर्समध्ये दाबला गेला असेल. राहू द्या."

रिंग बंद झाली.

तिने पुन्हा लावला. पुन्हा बंद झाली. मग वर दोघं हसायला लागले. काका असे खळखळून हसलेले तिने तरुणपणी ऐकले होते, त्यानंतर आजच.

बाजूच्या काचेतून तिला खांब दिसत होते. ते आता लांब गेले होते. बोट रस्ता सोडून वाळूच्या पट्टीला जिथे खिंडार पडलंय तिकडे चालली होती. तिथून पुढे उघडा समुद्र. तळाखाली लाटा मोठ्या झाल्याचं तिला पायांना कळत होतं.

"ते लाइफ जॅकेट काढा ना. घट्ट होतंय तुम्हाला."

बक्कल सुटल्याचा आवाज झाला. एक. मग दुसरा.

मावशी मला सांगत होती, टेबलावर माणूस गेला तरी आपण काहीतरी करत असतो रे. छाती दाबतो, इंजेक्शन देतो. तिथे मी फक्त ऐकत होते.

तेवढ्यात बोट वाळूत रुतली. असा धक्का बसला की झडप आपोआप मागे सरकली.

मावशी धडपडत वर आली. काका एकटेच होते. शेजारची जागा रिकामी. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे, मग पाण्याकडे. आणि ते कठड्यावर चढले.

मावशीने त्यांना मागून घट्ट मिठी मारली. काका जिवाच्या आकांताने सुटायला बघत होते.

"सोडा मला! माझी बायको पडलीय पाण्यात. अहो बाई, सोडा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली. ते तिला कधी 'अहो' म्हणाले नव्हते.

मी आहे, मीच आहे, असं ती सांगत राहिली. बाहेर लाटा फुटत होत्या. आणि त्या आवाजातून, लांबून, दोघांनाही ऐकू आलं...

"अहो..."

जाळी टाकून परतणाऱ्या एका होडीने त्यांना ओढून आणलं. तोवर मावशीने मिठी सोडली नव्हती.

डॉक्टर झाले. डोक्याचे फोटो झाले. सगळं ठीक आहे म्हणाले. काकांना सगळं आठवतं, मुलीची जन्मतारीख, दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबर. मलाही लगेच ओळखलं. फक्त मावशीला ते 'तुम्ही' म्हणतात. चहा दिला की परक्या घरी मानावेत तसे आभार मानतात. झोपतात बाहेरच्या खोलीत.

तिने काय करायचं शिल्लक ठेवलं? नवरा-बायकोशिवाय कोणाला माहीत नसतील अशा गोष्टी त्यांना सांगून पाहिल्या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे तिनेसुद्धा त्या दिवशी बोटीवर सांगितलं होतं," म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "तुम्ही खाली कधीपासून होतात?"

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. दुपारी वारा सुटला. मावशी आणि मी स्वयंपाकघरात होतो, ती भांडी पुसत होती. काका बाल्कनीत, दार लोटलेलं. ते कोणाशीतरी बोलत होते. फोनवर असतील असं मला वाटलं. पण फोन टेबलावर, माझ्यासमोर पडलेला होता.

मग ते हसले. खळखळून.

आणि त्यांच्यामागून एक बाई हसली.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. हातातला फडका थांबला होता.

मी उठलो तसा तिने माझा हात धरला.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "हसतायत ना... हसू दे त्यांना."

मी बसलो. ती पुन्हा भांडी पुसायला लागली.

ते दार मी उघडायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.