कस्तुराबाईंची खोली

कंदील जरा बारीक करा, आणि हुंकाराशिवाय मधे कोणी काही बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. नीळकंठ त्याचं नाव. अकोल्याला लोकांच्या घरांचे नकाशे काढून द्यायचा. हात मोठा सफाईदार, पण मोठ्या माणसापुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही.

पंचावन्न सालच्या वैशाखात किन्हीराजाजवळच्या एका खेड्यातून त्याला उकंडरावाचं बोलावणं आलं. उकंडराव म्हणजे बडं प्रस्थ. गडी बैलबंडी घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर हजर. गावाबाहेर नवं घर बांधायचं होतं आणि अक्षय्य तृतीयेला कुदळ मारायचा मुहूर्त काढला होता.

नीळकंठाची एक पद्धत होती. कागदावरचं घर गावच्या माणसाला कळत नाही, म्हणून तो अख्खं घर चुन्याच्या फक्कीने जमिनीवरच आखायचा. पांढरी रेघ म्हणजे भिंत, रेघ तुटली की दार. मग घरच्या एकेकाला त्यात फिरवायचं आणि विचारायचं, बोला, कुठे काय हवं?

त्या घरात कस्तुराबाई होत्या, उकंडरावाच्या विधवा वहिनी. आई लवकर गेली म्हणून या दिराला त्यांनीच लहानाचा मोठा केलेला. घराची जागासुद्धा त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी नीळकंठाला एकट्याला गाठलं.

"सायेब, मले एक लहानशी खोली काढजा. खिडकी तेवढी ठेवजा. दम्यानं जीव गुदमरते माहा."

"काढतो ना बाई. पूर्वेला काढतो."

आणि काढलीही. कोपऱ्यातली खोली, तिला खिडकीची खूण. म्हातारी इतकी हरखली की आत जाऊन त्या नसलेल्या खिडकीपाशी बराच वेळ बसून राहिली.

संध्याकाळी उकंडराव आला.

"हे काय? तिले कायले खोली? ते झोपन गोठ्यात, ढोरांपाशी. इथं सरकीची कोठी करा. खिडकी बुजवून टाका."

नीळकंठाने पायाने खिडकीची खूण पुसली आणि त्या जागी रेघ ओढली. म्हातारीला मात्र काही सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी भर दुपारी सगळं घर आखणीत आलं. ज्याने त्याने आपापल्या खोलीत उभं राहून मूठभर ज्वारी टाकायची, अशी त्यांची रीत. कस्तुराबाई आपल्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मूठ उघडणार तोच उकंडराव ओरडला.

"वैनी, तिथं सरकी राह्यन! बाहेर हो!"

पोरंसोरं हसली. कस्तुराबाईंनी नीळकंठाकडे पाहिलं. नीळकंठ हातातली टेप गुंडाळू लागला. मग त्या निघाल्या. रेघेवर पाय न देता, बरोबर दारातून बाहेर पडल्या आणि उन्हात खाली बसल्या.

"कोनी पानी देऊ नका," उकंडराव म्हणाला. "तहान लागली का आपोआप उठन."

त्या उठल्या नाहीत. उन्हं कलली तेव्हा कोणीतरी हलवून पाहिलं. बसल्या जागी गेल्या होत्या.

आता आलं सुतक. घरचं माणूस गेलं, म्हणजे उद्या कुदळ मारता येत नाही. गावातली जाणती माणसं तसं म्हणालीसुद्धा. उकंडराव हसला.

"ते कायची घरची? सायेब, तुमीच सांगा सगळ्याइले. नकाशात तिची खोली हाय?"

सगळे नीळकंठाकडे पाहू लागले. 'होती' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही," नीळकंठ म्हणाला.

कस्तुराबाईंना घाईघाईने जाळून आले. परतल्यावर कोणी आंघोळही केली नाही. आणि नीळकंठाला सांगितलं, रात्री आखणीपाशीच झोपा, ढोरं रेघा मोडतील.

वैशाख शुद्ध द्वितीयेची रात्र. चंद्राची कोर केव्हाच बुडालेली. नीळकंठाने आखणीबाहेर बाज टाकली. मोकळं रान, वारा चांगला होता. डोळा लागला.

जाग आली ती जीव गुदमरून.

पाठीखाली बाज नव्हती. जमीन होती. वारा नव्हता. वर चांदणी दिसेना. त्याने हात पुढे केला.

भिंत.

डावीकडे भिंत. उजवीकडे... भिंत.

दार सापडेना.

आणि अंधारात कोणीतरी श्वास घेत होतं. अडकत. घरघरत...

"सायेब..."

तो मागे सरकला. पाठीला भिंत लागली.

"खिडकी कुठी हाय, सायेब?"

...

"सांगा ना. तुमीच तं काढली होती."

त्याने भिंत चाचपली. वर. खाली. नखांनी ओरबाडली. बोटं सोलली. श्वास जवळ आला. अगदी कानाशी आला.

मग थांबला.

सकाळी उकंडराव माणसं आणि कुदळ घेऊन आला, तर नीळकंठ त्या कोपऱ्यातल्या खोलीत गुडघ्यांवर. भोवती नुसत्या चुन्याच्या रेघा, वर उघडं आभाळ. एक शेळी रेघ ओलांडून त्याच्या शेजारून निघून गेली, तरी हा हवेतच हात घासत होता. उकंडराव पोट धरून हसला.

"सायेब, टांग टाका अन् बाहेर या!"

त्याला पाय उचलता येईना. शेवटी दोघांनी काखेत धरून बाहेर काढला. आणि कुदळ पडली, मुहूर्तावर पडली. घर झालं, कोठी सरकीने भरली. उकंडरावाचं काहीही वाकडं झालं नाही, म्हातारा होऊन गादीवर मेला. तुम्हाला वाटत असेल, तिने त्याला धरायला हवं होतं. मलाही वाटतं. पण तिने धरलं ते ज्याच्यावर भरवसा टाकला त्याला.

लोक म्हणतात, नीळकंठाला उन्हाने भ्रम झाला. म्हणोत बापडे. ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी त्याला न्यायला मी जऊळक्याला गेलो होतो. स्टेशनावरच्या नळाखाली त्याचे हात मी धुतले. बोटं रक्ताने माखलेली. आणि प्रत्येक नखात खोलवर गिलावा बसलेला. शेणामातीचा, कुटार म्हणजे भुसा कालवलेला, नुकताच लिंपल्यासारखा ओला.

त्या जागेवर तोवर एक वीटसुद्धा रचलेली नव्हती.