वासराचा खोकला

चैत्रातल्या त्या सकाळी पोखर्णीच्या फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. एसटी बंद, ऑटो बंद, सगळा मुलूख दारं लावून बसलेला. राजेश्री मात्र पिशवी खांद्याला लावून मोहरलेल्या लिंबाखाली उभी होती. परभणीतल्या लेकरांच्या दवाखान्यात, आयसीयूत, ती नर्स होती, आणि आयसीयूला काही लॉकडाऊन नसतो. वडील तिला स्कूटरवर सोडायचे, पण त्या स्कूटरनं आदल्या दिवशीच मान टाकली होती.

तेवढ्यात कॅनांचा खणखणाट करत दुधाचा छोटा हत्ती टेम्पो आला, पुढं गेला… आणि सावकाश मागं आला. चालवणाऱ्यानं नाकातोंडाला चौकड्याची दस्ती बांधली होती. दिसत होते ते दोन डोळे, आणि ते हसरे होते.

"कुठं जायलाव?"

"परभणीला. दवाखान्यात."

"पेशंट हाव का नर्स?"

"पेशंट अशी उन्हात उभी राहील का?"

"न्हाई, पेशंटला पुढं बसवलं असतं. नर्सला मागं कॅनवर बसावं लागंल."

राजेश्रीनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि खरोखरच मागच्या फळीवर पाय ठेवला. तेव्हा तो घाईनं खाली उतरला. "अवो, मस्करी केली. बसा पुढं. दुधाला चालतंय, मला बी चालतंय."

असा हा सूर्यभान. नदीकाठच्या गावांतलं दूध गोळा करून परभणीला पोचवणारा. दुधाच्या गाडीला पास होता, म्हणून राजेश्रीची ड्युटीची सोय झाली. दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली, तर दोघांच्या मधे पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, तारेनं नीट ताणून बांधलेला. "तुमच्यापासून मला न्हाई, माझ्यापासून तुमाला काही व्हायला नको," तो म्हणाला. "तुमी आजारी पडलाव तर लेकरांकडं कोण बघंल?"

वॉर्डातल्या सविताला तिनं हे सांगितलं, तर ती हसून लोटपोट. "अगं, हा तर अंतरपाट झाला."

"गप गं," राजेश्री म्हणाली. मास्कमुळं गाल लाल झालेले दिसले नाहीत, हा त्या मास्कचा एक फायदा.

गावोगावच्या लोकांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. दूध काट्यांपर्यंत यायचं, तिथंच कॅनमधे ओतलं जायचं. गाडीत दवाखान्यातली बाई बसते म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. "ती असली तर आमी दूध देत न्हाई," एकानं तोंडावर सांगितलं. सूर्यभान शांतपणे म्हणाला, "बरं. उद्या तुमचं लेकरू पडलं तर कोणाकडं नेताव? माझ्या म्हशीकडं?" काही घरांनी खरंच दूध बंद केलं. त्यानं तिला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पण भरलेला कॅन गप्प बसतो आणि रिकामा वाजतो, हे काय राजेश्रीला कळत नव्हतं? मागं रोज वाजत होतं. त्या आवाजानं तिचा जीव भरून यायचा.

"सगळे मला सिस्टर म्हणतात," ती एकदा म्हणाली. "तुमीच तेवढं मॅडम कामून?"

त्याचं लक्ष एकदम रस्त्याकडं गेलं. "गिअर लय जड झालाय हो ह्या गाडीचा," तो म्हणाला. रस्ता सरळ होता, आणि गिअर बदलायचं काही कारण नव्हतं.

इकडं वॉर्ड रिकामा होत चालला होता. एरवी खाटा पुरायच्या नाहीत. आता चादरी ताणलेल्या खाटा आणि गप्प यंत्रं. एका सकाळी ती फारच उगी बसलेली पाहून सूर्यभाननं विचारलं, "रिकामा हाय म्हणजे चांगलंच की. लेकरं बरी हायत."

"काही खरंच बरी आहेत. शाळा बंद, जत्रा बंद, म्हणून एकाचा खोकला दुसऱ्याला लागत नाही. रस्त्यावर गाड्या नाहीत, म्हणून अपघात नाहीत. ते चांगलंच." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. "पण सगळे आजार काय खोकल्यातून येतात? साप काही लॉकडाऊन पाळत नाही. ती लेकरं कुठं आहेत? जी एकदोन येतात ती अगदी शेवटाला येतात. मी आईबापांना विचारते, इतका उशीर का केला… आणि विचारून मलाच वाईट वाटतं. गाडी नाही, भीती पोटभर. कसे येणार?"

सूर्यभाननं ते मनात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काट्यांच्या कुंपणापाशी दूध घेताघेता त्याचा नवा प्रश्न सुरू झाला: "घरातली लेकरं बरी हायत ना?" लोकांनी त्याला डॉक्टरसायब म्हणून चिडवलं. तो हसायचा आणि तरी विचारायचा. संध्याकाळी मग राजेश्रीला फोन, रिपोर्ट द्यायला.

रिपोर्ट तरी रोज काय असणार? "समदी लेकरं बरी हायत," एवढं बोलून झालं की फोन ठेवायला हवा. तो ठेववेना.

"आणखी काही?" ती विचारायची.

"आणखी… एका वासराला खोकला हाय."

"मी वासरांची नर्स नाही."

"न्हाई, म्हणलं सांगून ठेवावं. ढास लागली त्याला लय."

"मग सांगा त्याला, तोंडाला दस्ती बांध म्हणावं."

ते वासरू पुढं रोजच खोकू लागलं. कधी ते बरं व्हायचं, कधी उलटायचं. एकदा तर, सूर्यभानच्या म्हणण्याप्रमाणं, ते एका नर्सची चौकशी करत होतं. संध्याकाळ झाली की राजेश्री फोन हाताशी ठेवून स्वयंपाक करायची, आणि आई म्हणायची, भाजीत मीठ दोनदा पडतंय हल्ली.

अशाच एका संध्याकाळी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, फोन आला. "लेकरं बरी हायत. वासरू बरं हाय. आज कडूबाईचीच गंमत. तिची नात गोदी घागरच्या घागर पाणी पियालीय, अन् मोरीत मुंग्यांची ही रांग. म्हातारी त्या मुंग्यांनाच शिव्या द्यायली सकाळपासून."

राजेश्री हसली नाही. "गोदी कशी आहे अंगानं?"

"वाळलीय जरा. उन्हाळा हाय."

"पोट दुखतं म्हणते का? झोपूनच असते?"

"व्हय… आज बाजेवरून उठली न्हाई म्हणं."

"सूर्यभान, मला न्यायला या. आत्ता." पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तो आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. वाटेत तिनं सांगितलं: लघवीतून साखर जाते तेव्हा मुंग्या लागतात, अंगातली साखर इतकी वाढली की लेकरू बेशुद्ध पडतं, आणि मग… सूर्यभानचे हात स्टिअरिंगवर आवळले. "मी गंमत म्हणून सांगितलं तुमाला," तो पुटपुटला. "मला काय कळलंच न्हाई."

"सांगितलंत, तेवढं पुरे."

काट्यांपलीकडं कडूबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे आईबाप पुण्याकडं कामाला गेलेले, तिकडंच अडकलेले. गोदी भाता चालावा तशी खोल खोल श्वास घेत होती. पण म्हातारी काही केल्या उठेना.

"न्हाई देणार. त्या सदाच्या बापाला नेलं, परत तोंड दिसलं न्हाई त्याचं. पिशवीत बांधून जाळला म्हणत्यात. माझी पोर मी माझ्या दारात ठेवीन."

"आजी, हा तो रोग नाही. हा वेगळा आहे. वेळेवर नेलं तर ती चालत घरी येईल."

"तू कोण? नुस्ते डोळे दिसायलेत तुझे. समद्यांचे डोळे सारखेच." म्हातारीचा आवाज फुटला. "जिला तोंड न्हाई तिच्या हाती लेकरू कसं देऊ? तोंड दाव तुझं. मग देते."

 राजेश्री मागं, चांगली दहा पावलं मागं, मोकळ्या वाऱ्यात सरली आणि तिनं मास्क काढला. कपाळावर घाम, नाकावर मास्कचे वळ. "मी राजेश्री. किशनराव गुरुजींची लेक, पोखर्णीची. गोदीपाशी मी स्वतः बसेन, आणि हिला मीच घरी आणून सोडेन. हे तोंड नीट बघून ठेवा. ती नाही आली, तर याच तोंडाला जाब विचारा."

कडूबाईनं ते तोंड नीट बघून घेतलं आणि ती गोदीला घेऊन उठली. राजेश्रीची नजर तेवढ्यात सूर्यभानकडं गेली, आणि तिला दिसली त्याची पाठ. तो गाडीपाशी, वावराकडं तोंड करून ताठ उभा होता. वळला नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातूनही बघितलं नाही. तिनं मास्क चढवला आणि "चला" म्हणाली, तेव्हाच तो फिरला. काट्या त्यानं उघड्या हातांनी ओढल्या. हाताला रक्त आलं होतं, ते त्याला परभणी आल्यावर कळलं.

डॉक्टरांना फोन झालाच होता, खाट तर रिकामीच होती. पोरीच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. सलाइन, इन्सुलिन, तासातासाला रक्ताचा थेंब. एरवी कितीतरी लेकरांत वाटली जाणारी माया त्या दिवसांत एकट्या गोदीच्या वाट्याला आली. एका सकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय मागितलं? चहा, साखरेचा. सविता हसता हसता रडली. कडूबाई इन्सुलिनची सुई द्यायला शिकली, आणि शिकवताना राजेश्रीच्या हनुवटीला हात लावून, मास्कावरूनच, तिनं बोटं मोडली. सांगितल्याप्रमाणं राजेश्री गोदीला घरी सोडून आली. काट्यांपासून दारापर्यंत पोर आपल्या पायांनी चालत गेली, आणि दूध बंद केलेली घरं दुसऱ्या दिवशी भरल्या किटल्या घेऊन उभी राहिली.

पण सूर्यभान मात्र त्या दिवसापासून गप्प झाला. फोन यायचा, "समदी बरी हायत," आणि बंद. वासरू खोकतच नव्हतं. एवढी शिकलेली, एवढी धीराची बाई, आणि आपण दूधवाले… असं काहीबाही त्याच्या मनात चाललंय, हे तिला कळत होतं. कळून उपयोग काय? मग एसटी पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. आता राजेश्रीला दुधाच्या गाडीत बसायला कारण उरलं नव्हतं.

त्या सकाळी लाल एसटी फाट्यावर आली. कंडक्टरनं घंटी धरून तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, आणि बस गेली. मागून कॅनांचा आवाज आला. सूर्यभाननं गाडी थांबवली, पण उतरला नाही.

"एसटी गेली की, मॅडम."

"गेली."

"हात केला न्हाई तुमी?"

"नाही केला." ती आत येऊन बसली. मधे तो प्लास्टिकचा पडदा, आता ओरखडे पडून धुरकट झालेला. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी पाठ कामून फिरवली?"

तो उगीच आरसा नीट करत राहिला. "ते तोंड तुमी लेकरासाठी उघडलं होतं. माझ्यासाठी थोडंच… मग मी कसं बघू?"

बाहेर लिंबाची पानं हलत होती. राजेश्रीनं हात मागं नेऊन मास्कची दोरी सोडली. "वळा," ती म्हणाली. "हे तुमच्यासाठी."

तो वळला. धुरकट प्लास्टिकमधून जेवढं दिसलं तेवढं बघत राहिला. मग त्यानं हळूच आपली दस्ती खाली केली. पुढचा एक दात वाकडा होता, म्हशीच्या लाथेनं झालेला, हे तिला पुढं कळलं. त्या घडीला तिला तो फार आवडला, एवढंच.

"आता रिपोर्ट सांगा," ती म्हणाली.

"लेकरं… समदी बरी हायत. गोदी बी खेळायलीय." तो थांबला. "वासरू बी बरं हाय. माझंच काही खरं न्हाई."

"कधीपासून?"

"तुमी फळीवर पाय ठेवला, तवापासून."

राजेश्रीनं वॉर्डातला आवाज काढला, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "मग इतका उशीर का केलात?"

"लॉकडाऊन होता न्हवं," सूर्यभान म्हणाला, आणि त्यानं पडद्याची तार सोडली.