दिवसा घरी कोण असतं?

एका कानाचा म्हातारा कुत्रा.

रकान्याच्या डोक्यावरची लाल चांदणी.

चुकीचा मजला.

'मागे' असं लिहिलेलं बटण.

आत्यांची चिडचिड.

यांतल्या एकाचेही आभार मी कधी नीट मानले नाहीत. आता मानते.

*

चुकीचा मजला आधी. मुलाखत वरच्या मजल्यावर होती आणि मी खालच्या मजल्यावर, मांजरांच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसले होते. बूट भिजलेले, केसांतून पाणी निथळतंय. आतल्या दारातून एक डॉक्टर डोकावला.

"पुढचे. तुमचा पेशंट कुठाय?"

"मीच... म्हणजे, मी मुलाखतीला आलेय."

"मग तपासायला वेळ लागेल," तो म्हणाला. ओठ हसले नाहीत. डोळे तेवढे हसले.

टाकून दिलेल्या प्राण्यांना घर मिळवून देणारी ती जागा त्याच्या आत्या चालवायच्या. औषधपाणी त्याच्याकडे. टेबलाखाली एक कान नसलेला कुत्रा कुणाचा तरी दत्तक घेण्याचा अर्ज शांतपणे चघळत होता. त्याला सगळे आजोबा म्हणत. कागदी अर्ज असेच त्याच्या पोटात जातात, हे कळल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, की हे सगळं वेबवर करता येईल, मी करून देते. मग मुलाखतीचं काय, त्याने विचारलं.

"हुकलीच ती," मी म्हणाले.

नोकरी सुटल्यानंतर मला मिळालेलं ते पहिलं काम.

*

फॉर्मच्या चार पायऱ्या ठरल्या. कोणता प्राणी हवा. घर कसं आहे. दिवसा घरी कोण असतं. आणि शेवटी नाव, फोन.

तिसऱ्या पायरीवर त्याला लाल चांदणी हवी होती — कुणाचं तरी नाव लिहिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. लोक पळून जातील, मी सांगून पाहिलं. पण दिवसभर बंद दाराकडे बघत बसलेली जनावरं त्याने पाहिली होती. चांदणी राहिली. यावरून आम्ही रोज भांडायचो, आणि त्याची खुर्ची रोज थोडी जवळ यायची.

चाचणीला आम्ही दोघंच बसायचो. पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत एका दमात. 'मागे' कुणीच दाबलं नाही... मागे फिरावंसं वाटतच नव्हतं. त्यामुळे एक गोष्ट लक्षातच आली नाही: भरलेलं सगळं डेटाबेसमध्ये जात होतं ते शेवटचं बटण दाबल्यावरच.

मग आत्या बसल्या. तिसऱ्या पायरीवर असताना मांजर निसटलं, ते धरून आल्या, 'मागे' दाबलं... सगळं कोरं.

"तुमच्या यंत्राने गिळलं की सगळं. आजोबा निदान चावून तरी खातात."

मी पुन्हा बांधायला घेतलं. आता प्रत्येक 'पुढे'बरोबर तेवढी पायरी जपली जायची. फॉर्म अर्ध्यावर सोडला तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच उघडायचा.

"अर्धवट राहिलेलंही जपून ठेवता येतं," तो हळूच म्हणाला, "हे मला नव्हतं माहीत." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढची ओळ विसरले.

*

महिनाअखेर ती जागा सोडायची होती. उरतील ते प्राणी लांबच्या, गर्दीच्या निवाऱ्यात जाणार होते. एकेकाला घर मिळत गेलं. आजोबांना कुणी विचारेना.

आणि एक दिवस डेटाबेसमध्ये दिसलं — आजोबांसाठी एक अर्ज, अपुरा. कुणीतरी रोज उघडत होतं आणि रोज तिसऱ्या पायरीवर थांबत होतं. नाव नाही, ते चौथ्या पायरीवर. मी धावतच गेले. आता तरी चांदणी काढू या, म्हटलं, बिचारं कुणीतरी अडकलंय.

तो आजोबांचा एकुलता कान कुरवाळत राहिला.

"नको काढूस." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "तो... मीच आहे."

मी त्याच्या शेजारी बसले.

"दिवसभर फिरतीवर असतो मी. घरी कुणी नाही. नियम माझाच, मग माझ्यासाठी कसा मोडू?"

एक शब्द टाकला असता, तर मी चांदणी पुसली असती. त्याने टाकला नव्हता. तिथेच मी कामातून गेले.

"मी घरून काम करते," मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

"सकाळी आजोबांना माझ्याकडे सोडायचं, संध्याकाळी न्यायचं."

"आणि एखाद्या संध्याकाळी... निघावंसंच नाही वाटलं तर?"

"रात्रीचा रकाना फॉर्ममध्ये नाही. नवी पायरी जोडावी लागेल."

"जोडशील?"

"आधी तिसरी तर भर."

त्याने माझं नाव लिहिलं. मग 'पुढे' दाबलं.

आत्यांनी अर्ज मंजूर केला. घर बघायला आपण स्वतः येऊ, म्हणाल्या, आणि घरातली माणसंही.

नवी पायरी आम्ही पुढच्या वर्षी जोडली. आजोबा दाराकडे बघत बसत नाहीत. दाराकडे पाठ करून घोरतात. त्या घोरण्याबद्दल सगळ्यांचे आभार.

त्या पहिल्या सकाळी मी 'हुकलीच ती' म्हणाले, तेव्हा मुलाखतीला अजून अर्धा तास होता.